गुरुजनांच्या पायाशी : ज्याँ रासीनची जीवनकथा

गणेशोत्सव आणि नाटक यांचे नाते महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या आपल्या मराठी घरांना वेगळे सांगायला नको. इंदूर असो, बडोदे असो की ग्वाल्हेर, मूर्तीची प्रतिष्ठापना झाली की दुसरी चौकशी असते ती यंदा नाटक कोणते बसवले याची. या नाटकवेडामुळे परदेशी नाटककारही आपल्याला मराठी वेषात भेटले. शेक्सपिअरचा हॅम्लेट आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधून आला, ऑथेल्लो देवलांच्या ‘झुंझारराव’मधून आला आणि फ्रान्सचा मोलियर आचार्य अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मधून येऊन आपल्याला पोट धरून हसवून गेला. पण मोलियरच्याच काळात पॅरिसमध्ये आणखी एक नाटककार होता. त्याचे पहिले नाटक मोलियरच्याच कंपनीने रंगमंचावर आणले. फ्रेंच माणसाला शोकांतिका म्हटले की ज्याचे नाव हटकून आठवते तो हा ज्याँ रासीन. आपल्या रंगभूमीच्या वाटेला मात्र तो फारसा आला नाही.

यंदाच्या स्मरणिकेत त्याची जीवनकथा सांगावी असे आम्ही ठरवले, त्यामागे एक कारण आहे. ज्यांनी आपल्याला वाढवले, शिकवले, शहाणे केले, त्यांना जे मुळीच पसंत नाही नेमके तेच आपल्याला उत्तम येत असेल, तर माणसाने काय करावे? नाटकाचा नाद असलेल्या आपल्या कितीतरी घरांत मागच्या पिढ्यांनी हा पेच सोसला आहे. रासीनचे सारे आयुष्य या एका पेचात गेले.

रासीनचा जन्म १६३९ च्या डिसेंबरात पॅरिसच्या ईशान्येला असलेल्या ला फेर्ते-मिलों या लहानशा गावी झाला. घराणे मध्यम स्थितीतले, सरकारी मीठ-कोठाराच्या नोकऱ्यांवर चालणारे. त्या काळी फ्रान्समध्ये मिठावर राजाचा कर असे आणि मिठाची विक्री सरकारी कोठारांतून होई. ज्याँ जेमतेम वर्षाचा असताना धाकट्या बहिणीच्या जन्मापाठोपाठ आई गेली. तीन वर्षांचा झाला तेव्हा वडीलही गेले. दोन्ही पोरकी भावंडे वाटून घेतली गेली. बहीण मारी आईच्या माहेरी राहिली आणि ज्याँला वडिलांच्या आईवडिलांनी नेले. पुढे १६४९ साली आजोबाही वारले. आजीने घर आवरले आणि जिथे तिची मुलगी आन्येस जोगीण होऊन राहत होती त्या पोर रॉयालच्या मठाचा आसरा घेतला. दहाव्या वर्षाच्या आतच ज्याँ त्या मठाच्या सावलीला आला.

हा मठ काय होता ते थोडे समजून घेतले पाहिजे, कारण त्यावाचून रासीन समजत नाही. पोर रॉयाल हा मुळात संन्यासिनींचा मठ. त्याची एक शाखा पॅरिसमध्ये होती आणि मूळ ठिकाण व्हर्सायजवळच्या एका ओलसर दरीत होते. मठाच्या आसपास काही पुरुषमंडळीही येऊन राहिली होती. कोणी नामांकित वकील, कोणी वैद्य, कोणी विद्वान. भरल्या संसाराकडे किंवा चालत्या धंद्याकडे पाठ फिरवून प्रार्थना, अध्ययन आणि अंगमेहनत यांत दिवस घालवणारी ही माणसे होती. त्यांचा पंथ यान्सेन या धर्मशास्त्रज्ञाच्या विचारांवर उभा होता. माणसाची इच्छाशक्ती मुळातच दुबळी आहे, ईश्वराची कृपा झाल्याशिवाय तो आपल्या विकारांवर विजय मिळवू शकत नाही आणि ही कृपा मागून मिळतेच असे नाही, हे त्यांचे सांगणे. रोमच्या धर्मपीठाला आणि फ्रान्सच्या राजाला हा पंथ डोळ्यांत सलत होता.

या विरक्त मंडळींनी एक छोटी शाळा चालवली होती. मुले थोडी, शिक्षक थोर. इतर शाळांत लॅटिनचीच घोकंपट्टी असताना इथे आधी मातृभाषा नीट शिकवत आणि ग्रीकही मुळापासून शिकवत. व्याकरणकार लांसलो, तर्कशास्त्रात निष्णात निकोल, गोरगरिबांना औषध देणारा वैद्य आमों आणि वकिली सोडून आलेला आंत्वान ल मेत्र असे गुरुजन या पोरक्या मुलाला लाभले. ल मेत्र तर पत्रांत स्वतःला त्याचा बाबा म्हणवून घेई. ग्रीक शोककवी सोफोक्लीस आणि युरिपिडीस रासीनने इथेच वाचले. दरबारातल्या पुष्कळ कवींना जे लाभले नव्हते ते धन त्याला या नाटकद्वेष्ट्या शाळेने दिले.

त्याच्या मुलाने पुढे लिहून ठेवलेली एक हकिगत आहे. ज्याँच्या हाती एक ग्रीक प्रेमकादंबरी लागली. गुरुजींनी ती हिसकावून विस्तवात टाकली. त्याने दुसरी प्रत मिळवली. तीही विस्तवात गेली. तिसरी प्रत मिळवून त्याने ती पाठ केली आणि मग स्वतःच गुरुजींपुढे ठेवली, आता हीसुद्धा खुशाल जाळा म्हणून. हकिगत शब्दशः खरी असो वा नसो, मुलाचा पिंड तिच्यातून कळतो.

१६५८ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी तो पॅरिसला गेला आणि शहराने त्याला ओढून घेतले. १६६० साली चौदाव्या लुईचे लग्न झाले. त्या प्रसंगावर रासीनने एक दीर्घ स्तुतिकाव्य लिहून नाव मिळवले. त्याच वर्षी राजाच्या हुकमाने पोर रॉयालची शाळा कायमची बंद झाली. पुढे तो दक्षिणेकडे युझेस या गावी मामाकडे जाऊन राहिला. मामा तिथल्या चर्चमध्ये वरच्या हुद्द्यावर होता. त्याच्या वशिल्याने चर्चचे एखादे उत्पन्न पदरात पडावे ही आशा होती. ती फळाला आली नाही. तो पॅरिसला परतला तो नाटककार होण्याचे ठरवूनच.

१६६४ च्या जून महिन्यात मोलियरच्या कंपनीने त्याचे पहिले नाटक ‘ला तेबाईद’ रंगमंचावर आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसचे धर्माध्यक्ष स्वतः पोर रॉयालमध्ये गेले आणि न झुकणाऱ्या बारा संन्यासिनींना त्यांनी मठाबाहेर काढले. आत्या आन्येसने त्याआधीच भाच्याला दुःखाने भरलेले पत्र लिहिले होते. नटांची संगत सोडावी असे तिने त्याला कळवळून विनवले आणि ती सुटेपर्यंत आपल्या भेटीला येऊ नये असेही बजावले. त्या काळी फ्रान्समध्ये नटाला चर्चचे दार बंद असे. मरताना व्यवसायाचा त्याग केला नाही तर धर्मविधीने मूठमाती मिळणेही कठीण होई. खुद्द मोलियरचे दफन १६७३ मध्ये रात्रीच्या वेळी उरकावे लागले. हे लक्षात घेतले म्हणजे आत्याला केवढे भय वाटत होते ते उमजते.

रासीनचे दुसरे नाटक ‘अलेक्झांडर’. आपल्या दृष्टीने याची गंमत अशी की ते चक्क भारतात, झेलमच्या काठी घडते. पोरस आणि तक्षशिलेचा राजा हे दोघे त्यात एकाच राणीच्या प्रेमात आहेत आणि शिकंदरही लढाईइतकाच प्रेमात दंग आहे. १६६५ च्या डिसेंबरात मोलियरच्या कंपनीने ते लावले. पण तिची शोकांतिका करण्याची रीत रासीनला पसंत पडेना. दोन आठवड्यांच्या आतच त्याने तेच नाटक ओतेल द बूर्गोन्य या प्रतिस्पर्धी नाट्यगृहाच्या मंडळीला देऊन टाकले. पडत्या काळात ज्याने हात दिला त्याच्याशी ही वागणूक अशी झाली. मोलियरने पुन्हा कधी त्याच्याशी संबंध ठेवला नाही.

पाठोपाठ त्याने गुरूंशीही वैर घेतले. निकोलने दुसऱ्याच एका लेखकाशी वाद घालताना, कादंबऱ्या आणि नाटके लिहिणारे लोक समाजाच्या आत्म्यात विष कालवतात अशा अर्थाचे लिहिले. रासीनला ते आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटले. त्याने १६६६ मध्ये निनावी पत्र छापून पोर रॉयालची अशी टवाळी केली की साऱ्या पॅरिसला हसू फुटले. मठाच्या दिवंगत माताजीला त्यात सोडले नाही आणि जो स्वतःला त्याचा बाबा म्हणवीत असे त्या दिवंगत ल मेत्रलाही सोडले नाही. दुसरे पत्रही तयार होते. ते त्याने कवी ब्वालोला दाखवले. या लेखनाने तुझ्या बुद्धीची वाहवा होईल, पण अंतःकरणाची होणार नाही, असे मित्राने त्याला समजावले. रासीनने ते पत्र पेटीत ठेवून दिले. इथून जडलेली ब्वालोची मैत्री शेवटच्या श्वासापर्यंत टिकली.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात तेरेझ द्यु पार्क ही अभिनेत्री आली. मोलियरच्या कंपनीतली ही नावाजलेली नटी रासीनच्या शब्दाखातर बूर्गोन्यच्या मंडळीत गेली. तिच्यासाठी त्याने ‘आंद्रोमाक’ लिहिले आणि १६६७ च्या नोव्हेंबरात ते दरबारात व शहरात गाजले. रासीन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता.

ट्रॉयचे युद्ध संपले आहे. ओरेस्तचे एर्मियोनवर प्रेम आहे. एर्मियोनचे पिरूस राजावर आहे. पिरूसचे आंद्रोमाक या आपल्या बंदिवान विधवेवर आहे. आणि आंद्रोमाकचे आपल्या मेलेल्या नवऱ्यावर, एक्तोरवर, म्हणजे आपण ज्याला हेक्टर म्हणून ओळखतो त्याच्यावर आहे. साखळीच्या शेवटच्या टोकाला असा एक मृत माणूस. प्रत्येक जण समोर पाठ करून उभ्या असलेल्याकडे हात पसरतो आणि आपल्यामागे कोणी हात पसरून उभे आहे याकडे बघतही नाही. आंद्रोमाकने एका बाजूला किंचित मान हलवली की सगळी साखळी हादरते. शेवटी पिरूसचा खून होतो, एर्मियोन स्वतःला संपवते आणि ओरेस्तला वेड लागते. यात कोणी खलनायक नाही. प्रेमच सगळ्यांचा घात करते.

रासीनच्या आधीचा थोर शोककवी कॉर्नेय. त्याचे नायक प्रेम आणि कर्तव्य यांच्या कात्रीत सापडतात, पण मनाचा निग्रह करून कर्तव्याची बाजू घेतात आणि प्रेक्षकांची मान ताठ होते. रासीनच्या पात्रांना योग्य काय ते कळत असते, ते त्यांच्या तोंडीही असते, पण पाऊल नेमके उलट पडते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाला पडलेला प्रश्न आपण सर्वांनी वाचला आहे, की मनात नसतानाही माणूस कोणी बळाने ढकलल्यासारखा पापाकडे का जातो. रासीनची नाटके या प्रश्नाभोवती फिरतात. आणि माणसाचा निग्रह दुबळा आहे हा धडा त्याने कुठे गिरवला होता? पोर रॉयालच्या शाळेत. ज्या गुरूंची त्याने टवाळी केली त्यांचाच सिद्धांत तो रंगमंचावर मांडत होता. फरक एवढाच की, ते ज्याला पाप म्हणून बोट दाखवीत, त्याच्या वेदना तो आतून दाखवीत होता.

फ्रेंच शोकांतिकेचे नियमही या वेदनेला धार आणणारे होते. कथा एका दिवसात संपली पाहिजे, एकाच ठिकाणी घडली पाहिजे आणि कथानकाला फाटे फुटता कामा नयेत. मारामारी आणि खून पडद्याआड. आपल्या संस्कृत नाटकांतही रंगमंचावर मरण दाखवणे वर्ज्य मानत, तसेच हे. संवाद सगळे पद्यात, बारा अक्षरांच्या ओळींत, मध्ये सहाव्या अक्षरावर यती आणि दोन-दोन ओळींना यमक. कॉर्नेय या नियमांशी झगडत असे. रासीनला ते जणू अंगच्या मापाचे होते. मोजक्या, साध्या शब्दांत तो लिही. त्याच्या नाटकात पडदा वर जातो तेव्हा पात्रांचा विकार पिकून फुटायच्या बेतात आलेला असतो. चोवीस तास पुरेसे होतात.

‘आंद्रोमाक’ला वर्ष होते न होते तोच, १६६८ च्या डिसेंबरात द्यु पार्क वारली. तिच्या अंत्ययात्रेत रासीन अर्धमेला होऊन चालत होता अशी नोंद तेव्हाच्या एका पद्यात लिहिलेल्या वार्तापत्रात आहे.

दुःख झाले तरी लेखणी थांबली नाही. नीरोच्या क्रौर्याचा पहिला दिवस दाखवणारे ‘ब्रितानिकुस’ १६६९ मध्ये आले. १६७० च्या नोव्हेंबरात ‘बेरेनीस’ आले. रोमचा सम्राट झालेला तितुस आणि पॅलेस्टाइनची राणी बेरेनीस यांचे पाच वर्षांचे प्रेम आहे. रोमला परकी राणी चालत नाही. पाच अंकांत घडते ते एवढेच की त्याने तिला हे सांगायचे आणि तिने ते ऐकायचे. कोणी मरत नाही. तिघे प्रेमी तीन दिशांना जिवंत जातात, आणि तेच मरणाहून जड होते. आठवड्याभरातच कॉर्नेयचे याच विषयावरचे नाटक मोलियरच्या मंडळीने लावले, पण बाजी तरुणाने मारली. बेरेनीसची भूमिका शांमेले या नव्या अभिनेत्रीने केली. तिला रासीन एकेक ओळ कशी म्हणावी ते स्वतः शिकवी आणि त्यांच्या प्रेमाची चर्चाही साऱ्या शहरात होती. पुढे ‘बाजाझे’, ‘मित्रिदात’ आणि ‘इफिजेनी’ ही नाटके आली. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी फ्रेंच अकादमीने त्याला सभासद करून घेतले.

मग १ जानेवारी १६७७ रोजी ‘फेद्र’ रंगमंचावर आले. राजा तेझेची बायको फेद्र हिचे मन सावत्र मुलगा इपोलित याच्यावर जडले आहे. तिला त्याची इतकी शरम आहे की ती अन्नपाणी सोडून मरायला टेकली आहे. राजा परमुलुखात मेल्याची बातमी येते. त्या घटकेला तिच्या तोंडून इपोलितसमोर मनातले निसटते आणि तो भीतीने मागे सरतो. इतक्यात राजा जिवंत परततो. फेद्रला वाचवण्यासाठी तिची दाई इपोलितवरच आळ घेते. फेद्र खरे सांगायला निघते, पण वाटेत तिला कळते की इपोलितचे आरिसी नावाच्या राजकन्येवर प्रेम आहे. मत्सराने तिची जीभ बांधली जाते. बाप मुलाला शाप देतो आणि समुद्रातून निघालेल्या राक्षसी जनावरामुळे बिथरलेले घोडे इपोलितला फरफटत नेऊन मारतात. फेद्र विष घेऊन येते आणि सत्य सांगून प्राण सोडते. आरिसी हे पात्र युरिपिडीसच्या नाटकात नाही. रासीनने ते आणले आणि त्या एका बदलाने अपराधी बाई दुप्पट अपराधी आणि चौपट दुःखी झाली. तिचा राग येण्याआधी तिची कीव येते. गुरुमंडळींनी शिकवलेली माणसाची असहायता इतक्या करुणेने दुसऱ्या कोणी मांडली नसेल.

पण प्रयोगाला वैऱ्यांची दृष्ट लागली. बुय्यों सरदारघराण्यातल्या एका बाईसाहेबांच्या पाठबळाने प्रादों या दुय्यम नाटककाराचे याच कथेवरचे नाटक दोनच दिवसांनी दुसऱ्या नाट्यगृहात लावण्यात आले. त्या बाईंनी दोन्हीकडच्या जागा विकत घेऊन इकडे प्रेक्षागृह रिकामे आणि तिकडे भरलेले दिसेल अशी व्यवस्था केली असे सांगतात. शिवराळ सुनीते फिरली आणि प्रकरण मारहाणीच्या धमक्यांपर्यंत गेले. थोड्या महिन्यांत प्रादों विसरला गेला आणि ‘फेद्र’ टिकले. मात्र त्याआधीच रासीन रंगभूमीवरून उठून गेला होता.

सदतिसाव्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना त्याने व्यावसायिक रंगभूमी सोडली. ‘फेद्र’च्या प्रस्तावनेत त्याने धर्मनिष्ठ लोकांशी शोकांतिकेचा समेट व्हावा अशी इच्छा लिहिली होती, रोख कोणाकडे होता ते उघड आहे. पोर रॉयालचे वृद्ध आचार्य आर्नो यांना ब्वालोने हे नाटक वाचायला नेऊन दिले, त्यांनी ते निर्दोष मानले आणि मग रासीन जाऊन भर मंडळीत त्यांच्या पाया पडला, असे त्याचा मुलगा सांगतो. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने कातरीन द रोमाने या शांत, धार्मिक, खात्यापित्या घरच्या मुलीशी लग्न केले. तिने नवऱ्याचे एकही नाटक कधी पाहिले नाही की वाचले नाही असे म्हणतात. आणि त्याच वर्षी राजाने त्याला आणि ब्वालोला दरबारचे इतिहासकार नेमले.

म्हणूनच पुढच्या टीकाकारांत वाद आहे. कोणी म्हणतात, हा पश्चात्ताप होता. कोणी म्हणतात, ही बढती होती. राजाच्या इतिहासकाराला नाटके लिहीत बसणे शोभले नसते. आम्हांला वाटते, दोन्ही खरे असायला हरकत नाही. माणूस एका पावलात दोन वाटा चालू शकतो.

सोडलेली दुनिया मात्र त्याला सहजी सोडीना. १६७९ मध्ये पॅरिसमध्ये विषप्रयोगांचे भयंकर प्रकरण उघडकीस आले. पकडलेल्या ला व्होआझाँ या बाईने जबानीत सांगितले की द्यु पार्कला रासीननेच विष घातले. त्याच्या अटकेचा हुकूम निघण्यापर्यंत गोष्ट आली होती, पण तो बजावला गेला नाही आणि आरोपाला पुरावाही पुढे आला नाही. ज्या बाईच्या तिरडीमागे तो अर्धमेला होऊन चालला, तिच्याच खुनाचा आळ अकरा वर्षांनी आला.

घरी मात्र निराळाच रासीन होता. दोन मुलगे, पाच मुली. धाकटा लुई बापाच्या मृत्यूच्या वेळी सहा वर्षांचा होता, पण त्याला एक खेळ आयुष्यभर आठवला. बहिणी धर्मोपदेशक होत, चिमुकला लुई पाद्री होई आणि वडील क्रूस उचलून गात गात मुलांच्या मिरवणुकीत चालत. एकदा एका सरदाराकडून जेवणाचे बोलावणे आले, तेव्हा घरी मुलांनी त्याच्याबरोबर खायचा म्हणून एक मोठा मासा आणला होता. त्याने निरोप्याला तो मासा दाखवला आणि मुलांचा हिरमोड करता येणार नाही म्हणून जेवण नाकारले. ज्याच्या नाटकांत बाप मुलाला शाप देतो आणि बळीही द्यायला निघतो, तो घरात असा होता. ज्याला स्वतःला आईबाप आठवत नव्हते त्याने हे घर किती जपले असेल!

बारा वर्षांनी राजाची पत्नी मादाम द मेंतनों हिने त्याला पुन्हा लिहिते केले. गरीब सरदारघराण्यांतल्या मुलींसाठी तिने सें-सीर येथे शाळा काढली होती. तिथल्या मुलींनी ‘आंद्रोमाक’ बसवले आणि त्यातली प्रेमाची आग अशी जिवंत केली की बाई घाबरल्या. पुन्हा हे नाटक करायचे नाही असे त्यांनी ठरवले. मग त्यांनी रासीनलाच प्रेम नसलेले, धर्मकथेवरचे नाटक मागितले. ‘एस्तेर’ १६८९ मध्ये झाले, राजा स्वतः आला आणि आमंत्रणासाठी दरबारात चढाओढ लागली. ‘आताली’ १६९१ मध्ये वेषभूषेविना, साध्या खोलीत सादर झाले. आज पुष्कळ जाणकार त्याला रासीनचे सर्वश्रेष्ठ नाटक मानतात. पण त्याचा पहिला जाहीर प्रयोग व्हायला १७१६ साल उजाडले.

या सगळ्या काळात राजाचा पोर रॉयालवरचा राग वाढतच होता. आचार्य आर्नो देश सोडून गेले आणि १६९४ मध्ये ब्रसेल्सला वारले. त्यांचे हृदय मठात आणून ठेवले, तेव्हा राजाची मर्जी जाण्याच्या भीतीने दरबारी स्नेही दूर राहिले. रासीन गेला, असे त्याचा मुलगा नोंदवतो. आत्या आन्येस आता मठाची प्रमुख झाली होती. एकेकाळी जिने त्याला दारात येऊ नको म्हटले तिच्या मठाच्या अडचणी घेऊन तो पॅरिसच्या धर्माध्यक्षांकडे खेटे घालू लागला. शिवाय राजाचा इतिहास लिहिण्यासाठी नेमलेला हा माणूस गुपचूप पोर रॉयालचाही इतिहास लिहीत होता. तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही.

त्याच्यावर पंथाचा माणूस असल्याचा ठपका आला तेव्हा १६९८ मध्ये त्याने मादाम द मेंतनोंला एक लांब पत्र लिहिले. आम्ही सरकारी नोकरीत आहोत, त्यामुळे खुलासा म्हणजे काय ते जाणतो. वाक्यावाक्यात पायाखालची जमीन चाचपावी लागते. रासीननेही राजनिष्ठेची ग्वाही दिली. पण आत्याशी असलेला संबंध त्याने नाकारला नाही. लहानपणी तिनेच आपल्याला देवाची ओळख करून दिली, तिचे आपल्यावर अनंत उपकार आहेत आणि संकटात तिला मदत नाकारणे आपल्याला शक्य नव्हते, असे त्याने स्पष्ट लिहिले. तरुणपणी निनावी पत्रात ज्यांची खिल्ली उडवली होती, त्यांच्यासाठी हे पत्र त्याने स्वतःच्या सहीने लिहिले. त्याच्या आयुष्यातली सर्वांत धाडसाची कृती आमच्या मते हीच.

शांमेलेच्या वाट्याला मात्र अशी कृतज्ञता आली नाही. ती त्याच वर्षी वारली. मुलाला लिहिलेल्या एका पत्रात रासीनने जाता जाता नोंदवले की तिने रंगभूमीचा त्याग केला, गतायुष्याचा पश्चात्तापही केला, पण मरावे लागते याचेच तिला अधिक दुःख होते. फेद्रची भूमिका जिने अजरामर केली तिच्यासाठी इतकेच. हे वाचून मन खिन्न होते. ज्याला सगळ्यांच्या मनातले कळत होते त्याने आपल्या मनाचे हे एक दार बंद करून घेतले होते, असे म्हणायचे.

२१ एप्रिल १६९९ रोजी यकृताच्या आजाराने रासीन वारला. वय एकोणसाठ. मृत्युपत्रात त्याने मागितले होते ते एवढेच की आपल्याला पोर रॉयालच्या स्मशानात, वैद्य आमोंच्या थडग्याच्या पायथ्याशी पुरावे. गतायुष्यातल्या वर्तनामुळे आपण त्या जागेला पात्र नाही हेही त्याने लिहिले होते. राजाच्या नावडत्या मठात पुरून घेण्याची हिंमत त्याने जिवंतपणी दाखवली नसती, असा टोमणा एका दरबाऱ्याने मारला. मठात नव्वदीकडे न झुकलेली, पण थकलेली आत्या अजून हयात होती. भाचा परत आला तो असा. पुढच्या वर्षी तीही गेली.

राजाने मात्र गुरुशिष्यांना तिथेही राहू दिले नाही. १७०९ मध्ये त्याने उरल्यासुरल्या वृद्ध संन्यासिनींना मठाबाहेर काढले, मग इमारती पाडल्या आणि १७११ मध्ये थडगीही उकरली. रासीनच्या अस्थी पॅरिसमधल्या सेंत-एत्येन-द्यु-माँ या चर्चमध्ये हलवण्यात आल्या. तिथे पोर रॉयालचाच दुसरा थोर मित्र, पास्काल, त्याच्या सोबतीला आहे. राजाच्या इतिहासासाठी त्याने केलेले लेखन १७२६ मध्ये एका आगीत जळून गेले. ज्या लेखनासाठी त्याने नाटके सोडली ते राहिले नाही आणि जी नाटके त्याने सोडली ती आजही पॅरिसच्या कोमेदी-फ्रान्सेझमध्ये होत आहेत.

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाला रासीनच्या आयुष्यात सरळ उत्तर मिळत नाही. त्याने आधी गुरूंना दुखावले आणि मग रंगभूमीला. पण शाळेने शिकवलेल्या ग्रीकवाचून आणि माणसाच्या दुबळेपणाच्या त्या कठोर धड्यावाचून फेद्र जन्मली नसती, आणि फेद्रला इतके समजून घेतल्यावाचून तो पुन्हा त्या शाळेच्या दारी गेला असता असेही वाटत नाही. आपल्या घरातली मुले उद्या आपल्याला न रुचणारी वाट धरतील तेव्हा आपण त्यांच्या हाती काय दिले होते, ते त्या वाटेवर कामी येते आहे का, हे धीराने पाहावे. परतीच्या दारालाही कडी लावू नये.

विद्या आणि कला या दोहोंचा अधिपती असलेल्या श्रीगजाननाच्या उत्सवात या परक्या देशातल्या कलावंताची आठवण आपल्यापुढे ठेवून आम्ही रजा घेतो. आणि मंडळाचे यंदाचे नाटक बसून पाहायचे आहे, हे मात्र विसरू नका.